चाचेगिरीत सुटतं का? कप्तान होणाऱ्यांसाठी माझ्या वहीतला हिशेब

माझी पुतणी पुण्यात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत हर्णैला आली होती तेव्हा तिनं मला 'सिड मायर्स पायरेट्स!' हा चाच्यांचा कॉम्प्युटर गेम खेळताना पाहिलं, आणि परत गेल्यावर स्वतःही तो खेळ घेतला. पंधरा दिवसांनी फोन आला. "काका, मी साखर नि मसाले भरून या बंदरातून त्या बंदरात हिंडतेय. वर्ष गेलं, हातात काही उरलं नाही. चाचेगिरीत तरी काही सुटतं का?"

सुटतं. या खेळात चाचेगिरीइतकं दुसऱ्या कशातच सुटत नाही. पण लूट मिळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. कुणाला लुटायचं आणि लुटीचे वाटे कधी करायचे, या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर भरलेलं जहाज हातात असूनही कप्तान बुडतो.

मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहितो. खेळतानाही शेजारी वही असते: सफर कधी निघाली, माणसं किती, सोनं किती, वाटे कधी केले. बारा कप्तानांच्या नोंदी आता त्या वहीत आहेत. फोनवर तिला जे तुकड्यातुकड्यात सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

निघण्याआधी

मी बोलतोय ते 2004 च्या आवृत्तीबद्दल. मूळ खेळ 1987 सालचा, कमोडोर 64 या जुन्या कॉम्प्युटरवरचा. दोन्हींत समुद्र कॅरिबियनच, आणि इंग्रज, फ्रेंच, डच, स्पॅनिश ही चार राष्ट्रं एकमेकांच्या उरावर बसलेली.

सुरुवातीला साल निवडता येतं: 1600, 1620, 1640, 1660 किंवा 1680. नवख्यानं 1660 घ्यावं. तोवर इंग्रज, फ्रेंच आणि डचांची पुरेशी बंदरं वसलेली असतात, त्यामुळे माल विकायला आणि माणसं भरायला जागा जवळ सापडते. 1600 मध्ये समुद्र जवळजवळ स्पेनचाच. शिकार भरपूर, पण आसरा नाही.

कौशल्य विचारलं की तलवारबाजी घ्या. बहुतेक जहाजांचा निकाल शेवटी समोरच्या कप्तानाशी होणाऱ्या द्वंद्वावर लागतो, आणि कप्तानाचं वय वाढतं तसा हात मंदावतो.

आणखी एक: सगळा खेळ कीबोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांवर चालतो. माझ्या लॅपटॉपला ते आकडे नव्हते. दापोलीहून यूएसबीचा सुटा नंबरपॅड आणला तेव्हा कुठे तलवार नीट चालायला लागली. तुमच्याकडे नसेल तर आधी तो घ्या.

लुटायचं कुणाला

माझ्या पहिल्या कप्तानानं दिसेल ते जहाज पकडलं. डच, फ्रेंच, इंग्रज, स्पॅनिश, कुणालाच सोडलं नाही. आठ महिन्यांत चारही राष्ट्रांनी त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं. बंदराजवळ गेलं की किल्ल्यावरून तोफा सुरू. गलबतात साखर भरलेली, मागे चार पकडलेली जहाजं, आणि विकायला धड जागा नाही. चाच्यांचे अड्डे नकाशावर असतात, तिथे कुणी तोफ डागत नाही. पण तिथे गव्हर्नर नाही, म्हणजे मानही नाही, जमीनही नाही.

म्हणून पहिला नियम: एकाशी वैर धरा, बाकीच्यांशी गोडीनं राहा. ते वैर स्पेनशी असावं, कारण सर्वांत जास्त बंदरं आणि सर्वांत श्रीमंत जहाजं त्यांची. राजकारणाच्या पानावर कोणाचं कोणाशी युद्ध चालू आहे ते दिसतं. समजा इंग्रज आणि डच दोघेही स्पेनशी लढताहेत. मग पकडलेल्या एकाच स्पॅनिश जहाजावर दोन्ही गव्हर्नर खूश होतात. दोघांकडे आळीपाळीनं जा. आधी शत्रूची जहाजं लुटायची सनद मिळते, मग कप्तान, मेजर, कर्नल अशा पायऱ्या, आणि पायरीबरोबर जमीन. हे व्यापारात कधीच मिळत नाही.

तहाची बातमी आली की मात्र थांबा. काल जो पराक्रम होता तो आज गुन्हा ठरतो. हेन्री मॉर्गन या इंग्रजांच्या बाजूनं लुटणाऱ्या कप्तानाचं खरं आयुष्य इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1668 मध्ये त्यानं स्पेनचं पोर्तोबेलो लुटलं आणि जमैकात त्याचं कौतुक झालं. 1670 मध्ये माद्रिदला इंग्लंड आणि स्पेनचा तह झाला. त्यानंतर 1671 च्या सुरुवातीला त्यानं पनामा लुटलं, तर त्याला पकडून लंडनला नेलं. राजकारणाचा वारा फिरला तसं 1674 मध्ये त्यालाच 'सर' केलं आणि जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवलं. माणूस तोच, तलवार तीच. कागद बदलत गेला.

आमच्या बंदरातून समोर सुवर्णदुर्ग दिसतो, त्यामुळे मला हे वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे कागद कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणतात. ते मराठी आरमाराचे सरखेल होते, आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं हा त्यांचा हक्काचा आग्रह होता. ज्याच्या दस्तकाला आपण मान देत नाही त्याला चाचा म्हणायचं, अशी ती रीत. खेळातही तुम्ही चाचे की सरदार, हे कुठल्या गव्हर्नराच्या दारात उभे आहात त्यावर ठरतं.

जहाज धडधाकट पकडा

बुडवलेल्या जहाजाचं काही मिळत नाही आणि फुटलेल्या जहाजाला भाव येत नाही. पुतणी समोरच्यावर तोफा डागत सुटायची, मग चाळण झालेलं गलबत ओढत बंदरात न्यायची. माशाचंही तसंच असतं. पापलेट दाबलं गेलं की लिलावात बोली खाली येते.

सुरुवातीला तुमच्याकडे साधे गोळेच असतात. साखळीगोळे आणि छर्रे जहाज बांधणाऱ्याकडून सोयी म्हणून विकत घ्यावे लागतात. पहिलं सोनं हातात आलं की साखळीगोळे घ्या. त्यानं शिडं आणि डोलकाठ्या तुटतात, सांगाडा शाबूत राहतो. समोरच्यावर माणसं फार असतील तर जवळ जाऊन छर्रे मारा, मग भिडा. द्वंद्व चालू असताना दोन्हीकडची माणसं कमी होत राहतात, म्हणून आधीच त्यांची संख्या उतरवलेली बरी.

गलबत लहानच ठेवा. स्लूप हे लहान जहाज वाऱ्याच्या जवळ तोंड करूनही पळतं. मोठं गॅलियन तिथे जागच्या जागी डुलत राहतं. गॅलियन ही पकडायची वस्तू आहे, चालवायची नाही. शिवाय ताफा सर्वांत हळू जहाजाच्या चालीनं जातो. मागे दोन-तीन पकडलेली जहाजं झाली की बंदर गाठा आणि विका.

वारा

तिथला वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून येतो. पश्चिमेला जाणं म्हणजे उतार, पूर्वेला परतणं म्हणजे चढ. माझा तिसरा कप्तान व्हेराक्रूझहून, म्हणजे नकाशाच्या पश्चिम टोकाकडून, भरल्या जहाजांनी थेट बार्बाडोसला निघाला. महिनेच्या महिने गेले, वाटेत अन्न संपलं, आणि पोचेपर्यंत निम्मी माणसं उरली.

आमच्याकडे शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. येताना वजन असतं, म्हणून येतानाचा वारा पाठीशी हवा. कॅरिबियनमध्ये वारा असा दिवसातून फिरत नाही, म्हणून आपणच जागा निवडायची: शिकार घराच्या पूर्वेला करायची आणि भरून पश्चिमेला परतायचं.

मला त्यासाठी डचांचं कुरासाव आवडतं. आग्नेयेला काराकास, त्याच्या पुढे पूर्वेला कुमाना, दोन्ही स्पॅनिश. रिकामं जहाज वाऱ्याविरुद्ध हळूहळू कुमानापर्यंत चढवायचं, तिथून किनाऱ्यालगत शिकार करत वाऱ्यासोबत खाली यायचं. माराकाइबो पश्चिमेला आहे. तिकडे मोह झाला तरी भरलेल्या ताफ्यानं जाऊ नका.

वाटे

आता मुख्य गोष्ट. इथेच बहुतेक जण हरतात, आणि हरलो कशामुळे ते त्यांना कळत नाही.

माझे बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके, होते. मासळीचे पैसे आले की डिझेल, बर्फ, रेशन वजा व्हायचं आणि उरलेल्याचे वाटे पडायचे: बोटीचा, जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचे. 1 जूनला बंदी लागली, होड्या शाकारल्या, की हंगामाचा शेवटचा हिशेब पुरा करायचा. एका मालकानं एका वर्षी तो हिशेब गणपतीपर्यंत लांबवला. पुढच्या हंगामात त्याच्या बोटीवर चढायला एकही खलाशी आला नाही. बाबा म्हणायचे, वाटा किती पडला हे माणूस विसरतो, कधी पडला हे विसरत नाही.

हा खेळ ज्यांनी केला त्यांना हे नक्की ठाऊक होतं. खलाशांचं मन दोन गोष्टींवर ठरतं: पेटीत माणशी सोनं किती, आणि सफर सुरू होऊन किती महिने झाले. सोनं कितीही असलं तरी महिने वाढले की कुरकुर सुरू होते. मग बंदरात माणसं पळतात, पुढे ताफ्यातली जहाजंच निघून जातात.

माझ्या वहीतल्या दोन सफरी पाहा. दुसरा कप्तान: 22 महिने, 190 माणसं, पेटीत 24,000. माणशी 126. त्याची दोन जहाजं रात्रीत गेली. पाचवा कप्तान: 9 महिने, 60 माणसं, पेटीत 18,000. माणशी 300. सोनं कमी, तरी सगळे खुशीत. जास्त माणसं म्हणजे जास्त ताकद हे खरं, पण प्रत्येक माणूस हा एक वाटाही असतो. गलबत चालवायला आणि एक गॅलियन पकडायला पुरतील इतकीच माणसं ठेवा. मोठं शहर लुटायचं असेल तेव्हाच भरती वाढवा, आणि ते झालं की लगेच वाटे करा.

वाटे केले की माणसं पांगतात, काही महिने उलटतात, आणि तुमच्याकडे एकच गलबत उरतं, बाकीचा ताफा जातो. म्हणून वाटे करण्याआधी त्या बंदरात हा क्रम पाळा. एक सोडून सगळी जहाजं विका. जादा तोफा, साखर, मसाले विका. मग जहाज बांधणाऱ्याकडे जा आणि जी सोय मिळेल ती ठेवायच्या गलबतावर चढवून घ्या: तांब्याचा पत्रा, सुती शिडं, काशाच्या तोफा. हा खर्च सामाईक पेटीतून होतो आणि सुधारलेलं गलबत पुढच्या सफरीला तुमच्याकडेच राहतं. बोटीचा वाटा तो हाच. सुतार, तोफची, वैद्य अशी खास माणसंही तुमच्यासोबत राहतात, म्हणून पकडलेल्या जहाजावर ती सापडली की आधी ती घ्या.

फार लवकरही वाटे करू नका. प्रत्येक वेळी आयुष्यातले महिने जातात, आणि अवघड पातळीवर कप्तानाचा टक्का मोठा असला तरी वय कुणासाठी थांबत नाही. चार महिन्यांच्या सफरी करणारा माझा सातवा कप्तान थोड्याशा सोन्यावर म्हातारा झाला. मॉन्टाल्बान या खेळातल्या खलनायकाच्या तावडीतलं कप्तानाचं कुटुंब सोडवायचं राहून गेलं, आणि निवृत्तीला काय मिळणार हे नुसत्या सोन्यावर नाही, सगळ्या कीर्तीवर ठरतं. माझ्या नोंदींप्रमाणे वर्ष ते दीड वर्ष ही सफरीची लांबी बरी. माणसांचे चेहरे पडायला लागण्याआधी एक फेरी कमी करावी.

परवा रात्री पुन्हा फोन आला. ती कुरासावला उभी होती: 11 महिने, 70 माणसं, पेटीत 21,000, शेजारी कुमानाजवळ पकडलेलं, एकही भोक न पडलेलं गॅलियन. "काका, एवढं सुंदर जहाज आहे, माझ्या स्लूपऐवजी हेच ठेवू का?"

म्हटलं, आधी ते विक. ते पैसे घेऊन स्लूपला तांब्याचा पत्रा चढव. मग वाटे कर.