जुन्या वाड्यात ड्रिल लावायच्या आधीची परवानगी ऑनलाइन कशी करायची

आमची संस्था कोल्हापुरात एका जुन्या वाड्यात हाय, तिथलं मेंटेनन्स मी बघतो. दोन वर्षांमागं कॅमेऱ्याची वायर न्यायला सोप्यातल्या (म्हणजे ओसरीतल्या) कोरीव सागवानी खांबाला आरपार भोक पाडलं गेलं. परवानगी घेतलेली होती, सहीशिक्क्यासकट, पण अर्जात नुसतं "कॅमेरे बसवणे", कुठं आणि कसं ते कुणी विचारलंच नव्हतं. ते भोक रोज बघतो आणि रोज जीव हळहळतो.

आता सगळं गुगल फॉर्म, शीट आणि ड्राइव्हवर चालतं, वेगळं सॉफ्टवेअर घेतलं नाही. पण फॉर्म लगेच बनवू नका. आधी कुठल्या कामाला कुणाचं होय लागतं ते एका कागदावर ठरवा. बल्ब, नळाचा वॉशर याची नुसती नोंद पुरे. दगड, लाकूड, चुना, छप्पर यांना हात लागणार असेल तर आर्किटेक्ट आणि एक विश्वस्त. इमारत हेरिटेज यादीत असेल तर तिची श्रेणी बघा, पहिल्या श्रेणीत आतल्या कामालासुद्धा कडक नियम असतात, आणि ती परवानगी महापालिकेचीच लागते. शेजारी केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरात एनओसी. तुमच्या फॉर्मनं यातलं काही मिळत नाही, फक्त त्या पत्राचा नंबर आणि तारीख टाकायला शीटमध्ये रकाना ठेवा.

मग सगळ्यात वेळखाऊ पण सगळ्यात कामाचं, इमारतीला नंबर देणं. प्रत्येक खोली, भिंत, खांब, तुळई नकाशावर मांडा, उदाहरणार्थ "तळ-३, उत्तर भिंत" किंवा "सोपा, खांब ५". नंबर नकाशावरच ठेवा, खांबावर रंगवू नका. आणि प्रत्येक भिंतीचा एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात फोटो काढा म्हणजे ओल कुठनं येती ते कळतं. आम्हाला दोन महिने गेले, पण आता "मागची भिंत" म्हणजे कुठली यावर वाद होत नाही.

फॉर्ममध्ये जागेचा नंबर यादीतनंच निवडायचा, टाइप करायचा नाही. दोन फोटो सक्तीचे, एक लांबनं, एक जवळनं, जवळच्यावर कामाची जागा मोबाईलमध्येच लाल गोल करून. कसं बसवणार, भोक पाडून का क्लॅम्पनं, आणि उद्या काढलं तर खूण राहील का. माल कुठला, हे पण विचाराच, कारण चुन्याच्या भिंतीतली ओल सुकून बाहेर जाती, वर सिमेंटचा गिलावा मारला की ती आतच कोंडती, आणि आपल्याकडच्या पावसात मग क्षार फुटतात, पोपडे धरतात, दगडाचा वरचा थर झडायला लागतो. वेल्डिंग किंवा ग्राइंडर असेल तर वेगळा प्रश्न ठेवा, आग विझवायचं सिलेंडर कुठं आणि काम संपल्यावर लक्ष कोण ठेवणार.

उत्तरं तीनच: होय, अटीवर होय, नाही, आणि कारण लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा, पण गप्प बसणं म्हणजे होय धरू नका. छत गळायला लागलं तर फोनवर होय घ्या आणि २४ तासांत फॉर्म भरा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालवून घेऊ नका, सहा महिन्यांनी तो सापडत नाही.

मंजुरीचं एक पान मिस्त्रीच्या मोबाईलवर जायला पाहिजे, मराठीत, तोच लाल गोलाचा फोटो आणि अटी मोठ्या अक्षरात. आमचे गवंडीमामा वाचत नाहीत, त्यांना व्हॉइस नोट पाठवतो, तीच फाइल नोंदीलाही जोडतो. काम झाल्यावर त्याच जागेचा फोटो आल्याशिवाय बिल निघत नाही. ही अट घातली आणि तिथनं खरी शिस्त लागली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना कोल्हापूरनं बघितलं, शाहू महाराजांनी उभारलेली १९१५ ची वास्तू. तुमचे नकाशे आणि फोटो ड्राइव्हवर असले तरी दर तीन महिन्यांनी हार्डडिस्कवर उतरवा, आणि ती डिस्क त्याच इमारतीतल्या कपाटात ठेवू नका, एखाद्या विश्वस्ताच्या घरी ठेवा.