पिनकोडचा मॅप आणि एव्हीएल ट्रीमधलं डिलीट

मॅप म्हणजे कीवरून व्हॅल्यू शोधून देणारी रचना, जसं पिनकोडवरून भागाचं नाव. ‘मॅप हवाय? हॅश टेबल वापर’ हे ऐकून कान किटले. एका पिनकोडवरून भाग शोधायचा तर हॅश टेबल उत्तमच. पण ते क्रम ठेवत नाही; ४०००५० ते ४०००६० मधले सगळे भाग क्रमाने हवे असतील तर झाडच (ट्री) लागतं.

तेही साधं सर्च ट्री (लहान की डावीकडे, मोठी उजवीकडे) नको. मुंबईचे पिनकोड चढत्या क्रमाने भरलेत की प्रत्येक नोड (झाडातली एक नोंद) उजवीकडेच लटकतो आणि झाडाची सरळ साखळी होते. जावाच्या ट्रीमॅपमध्ये रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल सांभाळणारं एक झाड) आहे, पण स्वतः लिहिताना आधी एव्हीएलच घ्या. १९६२ पासूनची ही युक्ती: कुठल्याही नोडच्या दोन फांद्यांच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही.

नोडमध्ये की (पिनकोड), व्हॅल्यू (भागाचं नाव), डावं मूल, उजवं मूल (लगेच खाली जोडलेले नोड) आणि उंची ठेवा. शोधणं नेहमीसारखंच. भरताना तीच की पुन्हा आली तर फक्त व्हॅल्यू बदला. रिकर्शनमधून (फंक्शनने स्वतःलाच बोलावत खाली जाणं) परतताना उंची मोजा, फरक दोन झाला तर रोटेशन करा, म्हणजे जड बाजूचं मूल वर आणि नोड खाली घ्या, आणि वर आलेला नोड पालकाला जोडायला विसरू नका. रोटेशननंतर उंची आधी खाली गेलेल्या नोडची मोजायची, मग वर आलेल्याची. उलट केलंत तर वरच्याची उंची चुकते.

आता डिलीट. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच, आणि बहुतेक ट्युटोरियल्स नेमकी इथेच घाई करतात. भरताना नवी की डाव्या मुलापेक्षा लहान की मोठी, यावरून एकेरी की दुहेरी (आधी मुलावर, मग नोडवर) रोटेशन हे ठरवलेलं असतं. तोच कोड डिलीटला चिकटवू नका. समजा वर ४०००२८, डावीकडे ४०००१२, त्याच्या डावीकडे ४००००४, आणि उजवीकडे ४०००५०. शेवटचा काढलात की झाड डावीकडे कलतं. काढलेली की ४०००१२ पेक्षा मोठी, म्हणून तो कोड दुहेरी रोटेशन करायला जातो. पण ४०००१२ ला उजवं मूलच नाही, आणि प्रोग्राम नलवर (जिथे नोडच नाही अशा रिकाम्या जागेवर) आपटतो. डिलीटमध्ये की बघायचीच नाही, मुलाचा कल बघायचा. डावं मूल डावीकडे कललेलं किंवा समतोल असेल तर एकेरी. उजवीकडे कललेलं असेल तरच दुहेरी. झाड उजवीकडे कललं तर उजव्या मुलासाठी याच्या उलट. समतोल मूल ही अवस्था भरताना येतच नाही, म्हणून ‘किंवा समतोल’ हमखास सुटतं. शिवाय भरताना एका दुरुस्तीत भागतं; डिलीटमध्ये थेट रूटपर्यंत (सर्वांत वरच्या नोडपर्यंत) वाटेतला प्रत्येक नोड तपासावा लागतो.

दोन मुलांचा नोड काढताना उजव्या फांदीतला सर्वांत डावा नोड वर आणतात. तेव्हा कीसोबत व्हॅल्यूही उचला. नुसती की उचललीत तर वरच्या झाडातून दादरचा ४०००२८ काढल्यावर ४०००५० विचारलं की उत्तर येतं ‘दादर’. क्रम बरोबर, उंची बरोबर, एरर शून्य, आणि बांद्र्याची पत्रं दादरला.

म्हणून टेस्टमध्ये नुसतं झाड तपासू नका. तुमच्या भाषेतला तयार मॅप शेजारी ठेवा, दोन्हींत त्याच की रँडम भरा आणि काढा, आणि प्रत्येक वेळी की-व्हॅल्यूच्या जोड्या ताडून बघा. काढणं भरण्याइतकंच होऊ द्या.