टीमसाठी काय घ्यायचं, प्रोजेक्ट मॅनेजमेंट का टाइम ट्रॅकिंग? आधी एक वही घ्या

जळगावात टॅक्स कन्सल्टंटकडे, नाहीतर धुळ्याला डिझाइन-प्रिंटिंगवाल्याकडे पाच-सात जणांची टीम झाली की कोणीतरी म्हणतंच, भो आता एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाकू, आणि मग सगळे रेट बघत बसतात. रेट नंतर. आधी आठवडाभर ऑफिसात जी जी चिडचिड होते ती वहीत लिहा, ज्याच्या तोंडून निघाली त्याच्याच शब्दात.

मग वही वाचा. "ते कोणाकडे आहे?", "मला वाटलं तू केलं" असं जास्त असेल तर काम अडकतंय, प्रोजेक्ट मॅनेजमेंट घ्या, म्हणजे कोणतं काम कोणाकडे आणि कुठवर आलं ते दाखवणारं सॉफ्टवेअर. "दिवसभर राबलो पण झालं काय?", "ही पार्टी एवढ्यात परवडते का?" असं असेल तर टाइम ट्रॅकिंग, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले ते मोजणारं.

टॅक्सवाल्यांचंच बघा. मंथली रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) २० पर्यंत. ट्रेलो या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या ॲपवर एक बोर्ड करा, कॉलम असे: बिलं मागितली, बिलं आली, एंट्री, चेकिंग, फाइल झालं. एका पार्टीचं एक कार्ड आणि कार्डावर नाव एकाच माणसाचं, दोघांची टाकली की ते कोणाचंच नसतं. ५ तारखेला बोर्ड उघडला आणि निम्मी कार्डं पहिल्याच कॉलममध्ये तुंबलेली दिसली तर स्टाफवर ओरडण्यात अर्थ नाही, पार्ट्याच बिलं देत नाहीयेत, फोन तिकडे लावायचा. हे टाइम ट्रॅकिंगचा टायमर नाही सांगत.

टायमर दुसरंच सांगतो. समजा एक पार्टी महिन्याला २००० देते, पण बिलं पिशवीत कोंबून आणते, तिचे २५ तास जातात, म्हणजे तासाला ८० रुपये पडले. दुसरी १५०० देते पण एक्सेल नीट पाठवते, ६ तासात काम खलास, तासाला २५०. आता ज्या पोराला २०,००० पगार आहे आणि महिन्याचे २०० तास भरतात तो तुम्हाला तासाला १०० ला पडतो, मग मोठी वाटणारी पार्टी तोट्यातच ना! फिक्स फी असेल तर एक-दोन महिने मोजून फी वाढवा आणि टायमर बंद करा, तासावर बिल लावत असाल तरच तो कायम ठेवा.

स्टाफला आधीच सांगा की हे पगार कापायला नाही, नाहीतर प्रत्येकाचे रोज बरोब्बर ८ तास भरलेले दिसतील. स्क्रीनशॉट काढणारी ॲप्स तर मला पटतच नाहीत, पोरं टायमर सांभाळतात आणि काम राहतं बाजूला.

दोन्ही लागत असेल तर दोन सॉफ्टवेअर घेऊ नका, झोहो प्रोजेक्ट्स, क्लिकअप, जिरा यांत तास टाकायची सोय असतेच, फक्त पहिल्या महिन्यात बोर्डच वापरा. फुकटात टॉगल ट्रॅक (टाइम ट्रॅकिंगचं ॲप) ५ जणांपर्यंत आणि ट्रेलो १० जणांपर्यंत चालतं, पण हे प्लॅन बदलत असतात म्हणून साइटवर चेक करा.

आणि सुरुवात सगळ्या कामांनी नको, एकाच प्रकारच्या कामावर एक २० तारीख पार पडू द्या. तोवर व्हॉट्सॲपवर कोणी स्टेटस विचारलं की उत्तर टाइप करायचं नाही, कार्डाची लिंक टाकायची, बॉसने विचारलं तरी.