भूतानला जायचं तर गावं कमी करा, चढ बघून बेत लावा

आपल्या कोल्हापुरातनं भूतानला जाणारी बहुतेक मंडळी टूरच्या बसनं जातात, आठवडाभरात पाच-सहा गावं, रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रात्री नवीन हॉटेलात उघडायच्या, आणि आल्यावर सांगतात देश लई भारी आहे पण डोंगर काचेतनंच बघितले. ज्यांना चालायचंय, नदीत उतरायचंय, सायकल मारायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, गावं तीनच धरा (थिम्फू, पुनाखा, पारो) आणि कुठलं आधी कुठलं नंतर हे उंची बघून ठरवा.

आधी कागदपत्रं. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण एन्ट्री परमिट लागतं, आणि त्यासाठी सहा महिने तरी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा व्होटर आयडी. आधार कार्ड चालत नाही, पॅन नाही, लायसन पण नाही. व्होटर कार्डावरचा फोटो पुसट झाला असेल किंवा नावाचं स्पेलिंग गंडलं असेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधीच दुरुस्त करून घ्या, बॉर्डरवर वाद घालून काही होत नाही. बारकी पोरं बरोबर असतील तर जन्माचा दाखला घ्या.

आता पैशाचं. २०२२ पासून भारतीयांना माणशी एका रात्रीला १२०० रुपये फी आहे, एसडीएफ म्हणतात, ६ ते १२ वयाच्या पोरांना निम्मी आणि त्याखालच्यांना माफ. म्हणजे सात रात्रींचे माणशी ८४०० नुसते तिथं राहायचे, हॉटेल, गाडी, गाईड वेगळं. म्हणूनच म्हणतो, एवढे मोजून नुसतं गाडीत बसून एका गावातनं दुसऱ्या गावात जायचं म्हणजे पैसे पाण्यात. लांबचं बुमथांग पहिल्या खेपेला सोडून द्या, रस्त्यातच दिवस जातात.

कोल्हापुरातनं थेट काही नाही. पुणे-मुंबईहून विमानानं बागडोगरा आणि तिथनं टॅक्सीनं जयगाव, नाहीतर कोलकत्यापर्यंत जाऊन सियालदाहून रेल्वेनं हासिमारा, तिथनं जयगाव जवळच. जयगावची कमान ओलांडली की पलीकडं भूतानचं फुंटशोलिंग. थेट पारोला विमानानं पण जाता येतं, दिल्लीहून जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागून घ्या, हवा स्वच्छ असली तर एव्हरेस्ट दिसतो. पण मला विचाराल तर जाताना रस्त्यानं जा. खर्च कमी आणि जंगलातनं घाट चढत चढत जाता येतं. फुंटशोलिंग अगदी पायथ्याला आहे, तिथनं थिम्फूला पोचायला पाच-सहा तास धरा. घड्याळ अर्धा तास पुढं करायला विसरू नका.

उंचीचं मात्र नीट ऐका. पन्हाळा-पावनखिंड पावसात चिखलात केलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काय होतंय, आणि पायाचा दम असतो हे खरं, पण विरळ हवेला पायाचा दम कळत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि थिम्फू शहरच २३०० च्या आसपास. म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर चढून वर आणखी दोनशेच्या वर मजले चढल्यावर तिथलं बसस्टँड येतं म्हणा की! त्यामुळं थिम्फूत पहिला दिवस हळू घ्या, पाणी भरपूर प्या, दारू नको. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं तर वर चढायचं नाही, आणि वाढत गेलं तर सरळ खाली उतरायचं. बीपीचा, दम्याचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा, उंचीच्या गोळ्या पण त्यांना विचारूनच.

थिम्फूनंतर पुनाखा. वाटेत दोचुला खिंड लागते, ३१०० मीटर, तिथं थोडं थांबायचं आणि खाली उतरायचं, पुनाखा १२०० मीटरवर म्हणजे शरीराला विश्रांती. इथं राफ्टिंग आहे. दोन नद्या, मो छू आणि फो छू, त्यांच्या संगमावर १७ व्या शतकातला पुनाखा झोंग (म्हणजे किल्ला आणि मठ एकत्रच), प्रयाग चिखलीचा संगम बघितलेल्या माणसाला ही जागा लगेच आवडणार. मो छू शांत, घरच्यांना, पोरांना घेऊन चालते. फो छू मात्र जोरात आहे, दगड, भोवरे, पाणी बर्फाचं, पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट आणि हेल्मेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. दर विचारताना बोटीचा का माणशी ते स्पष्ट विचारा. राफ्टिंग नको असेल तर फो छूवरचा लांबलचक झुलता पूल आहे, तो फुकट आहे आणि वारा सुटला की तेवढाच घाम फोडतो.

शेवटी पारो, इथं तीन रात्री ठेवा. एक दिवस चेले ला खिंड, पावणेचार हजार मीटरच्या वर. गाडीत सायकली टाकून वर जायचं आणि सायकलनं खाली पारोपर्यंत उतरायचं. हातमोजे लागतात, उतारावर वाऱ्यानं बोटं आखडतात आणि मग ब्रेक दाबत नाही. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक तपासा.

टायगर्स नेस्ट म्हणजे तक्तसांग अगदी शेवटच्या दिवशी, तोपर्यंत अंग सरावलेलं असतं. १६९२ साली बांधलेला मठ, १९९८ च्या आगीत जळाला, परत उभा केला. ३१२० मीटरवर आहे, पार्किंगपासून चढ साधारण ५०० मीटरचा. सकाळी लवकर निघा, ऊन पण लागत नाही आणि गर्दी पण. अर्ध्यावर कॅफेटेरिया आहे, घोडा फक्त तिथंपर्यंत, आणि उतरताना घोडा मिळत नाही. खरी परीक्षा शेवटच्या पायऱ्यांची, आधी खाली उतरवतात आणि मग परत वर चढवतात. मोबाईल, कॅमेरा आत नेता येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हाफ पँटवाल्यांना आत घेत नाहीत.

मोठा ट्रेक करायचा असेल तर द्रुक पाथ, पारो ते थिम्फू, पाच-सहा दिवस, तंबूत मुक्काम, चार हजारांवरच्या खिंडी. गाईड लागतोच, स्वयंपाकी आणि घोडे ऑपरेटर बघतो. शिखर चढायचं डोक्यात असेल तर ते विसरा, देवांच्या जागा म्हणून २००३ पासून गिर्यारोहण पूर्ण बंद आहे, ७५७० मीटरचं गांगखर पुएनसुम अजून कुणी चढलेलं नाही. मला तर हे लई आवडतं.

जायचं मार्च ते मे नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जून ते ऑगस्ट दरडी आणि जळवा, गगनबावड्याचा पावसाळा परवडला. तयारीला दोन महिने आधीपासून आठवड्यातनं एकदा पाठीवर सॅक टाकून जोतिबा चालत करा, नवीन बूट तिथंच पायाला बसवा.

खाण्याचं म्हणाल तर एमा दात्शी, मिरचीची भाजी चीजमध्ये, मसाला म्हणून मिरची नाही तर मिरची हीच भाजी. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्यांनी नाद करून बघावा, पण ट्रेकच्या आदल्या रात्री नको. सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढली तर दंड आहे. रुपया आणि तिथला न्गुलट्रम सारख्याच किमतीचे, आपल्या नोटा घेतात, पण १०० च्या जास्त ठेवा. परतायच्या आदल्या संध्याकाळी तापलेल्या दगडांची अंघोळ मिळते, मांड्या भरून आलेल्या असतात तेव्हा तिच्यासारखं काही नाही, फक्त दुपारीच सांगून ठेवा, दगड तापायला बराच वेळ लागतो.