टाळ्या पडल्या, पण मत हललं नाही? भाषणातल्या या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धेत पहिलं आलेलं भाषण ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत सपशेल पडू शकतं. परीक्षक आवाजाला, पाठांतराला, अलंकारांना गुण देतो. सभेतला माणूस मात्र 'हे माझ्याकडून नेमकं काय मागतायत?' एवढंच हेरत बसलेला असतो. युक्त्या दोन्हीकडे त्याच. समोर कोण बसलंय हे न बघता त्या वापरल्या की बिघडतं.

प्रश्न विचारला आणि सभा हसली

प्लास्टिकबंदीवर बोलताना वक्ता गरजतो, "आपण आपल्या लेकरांना विष पाजणार आहोत का?" मागच्या रांगेतून आवाज येतो, "कोण पाजतंय?" संपलं भाषण.

ज्याचं उत्तर अपेक्षित नाही असा प्रश्न तेव्हाच लागू पडतो, जेव्हा उत्तर ऐकणाऱ्याच्या ओठांवर आधीपासून असतं. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली चाललेल्या घरझडत्यांनी पुणेकर जेरीस आले होते. प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरकारने शहरालाच धाक घालायला सुरुवात केली, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त अग्रलेखाचा मथळाच प्रश्नाचा दिला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' वाचणाऱ्याला उत्तर सांगावं लागलं नाही. तो रोज ते भोगत होता.

तुमच्या विषयाचा असा अनुभव सभेला नसेल, तर आधी सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट विचारा. "गेल्या पावसात बाजारातलं गटार कशानं तुंबलं होतं?" आणि मग थांबा. कुणीतरी "पिशव्यांनी" म्हणेल. ते उत्तर तुमच्या दहा वाक्यांपेक्षा वजनदार, कारण ते सभेतून आलंय. एकामागून एक चार प्रश्न मात्र टाकू नका; लोकांना वाटतं आपली उलटतपासणी चाललीय.

जागच्या जागी फिरणारी पुनरुक्ती

"आपण जागं झालं पाहिजे, आपण उठलं पाहिजे, आपण लढलं पाहिजे." कानाला बरं वाटतं, हाती काही लागत नाही. तपासायची सोपी रीत आहे: ओळींचा क्रम उलटा करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर एक ओळ ठेवा आणि बाकीच्या काढा.

हीच कसोटी महात्मा फुल्यांच्या ओळींना लावा. 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले.' एकही कडी हलवता येत नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा शेवट पकडून पुढे सरकते आणि मग 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' म्हणत सगळा दोष एका जागी आणून ठेवते. पुनरुक्तीच्या आत इथे युक्तिवाद चालतो. स्पर्धेतली मुलं या ओळी हमखास म्हणतात, पण त्यांची रचना उचलताना कुणी दिसत नाही.

नुसती भीती घालणं

डेंग्यूबद्दल बोलताना "घराघरात मृत्यू दबा धरून बसलाय" म्हटलं की लोक क्षणभर दचकतात आणि मग कान बंद करतात. भीती वाटूनही करण्यासारखं काही हाती नसेल तर विषयच टाळलेला बरा वाटतो. भीतीला लगेच काम जोडा. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी घासून कोरडी केली की साखळी तुटते. हे कारण सांगितलंत तर 'कोरडा दिवस' पाळायला माणूस तयार होतो. नुसत्या आदेशाला तो "बघू" म्हणतो.

दोन उलट गोष्टी समोरासमोर ठेवणारी विरोधाची वाक्यं जपून वापरा. 'विकास की विनाश?' असं विचारलं की ऐकणाऱ्याला तिसरा पर्याय लगेच सुचतो आणि तुमच्यावरचा विश्वास उडतो. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत विरोध मांडला तो असा: २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून तो आजही टोचतो.

आकडे दर घरामागे किती, असे सांगा. 'लाखो लिटर' कुणाला दिसत नाहीत, दोन हंडे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली थोरांची वचनं नकोत, निम्मी त्यांची नसतातच असं माझं मत. शेर एकही नको.

राहिलं 'आपण'. "आपण सगळ्यांनी पाणीपट्टी वेळेवर भरली पाहिजे" हे वाक्य सभेला जवळ ओढतं, पण गावात कुणाची किती थकलीय हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोलणाऱ्याचीच बाकी असेल, तर हा शब्द उलटतो. आधी भरा, पावती खिशात ठेवा, मग माईक घ्या.