डॉकिंग सॉफ्टवेअरची तुलना करताना या चुका टाळा

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत सिकलसेलचे रुग्ण घरोघरच्या ओळखीतले असल्यामुळे आमच्या तालुक्याच्या फार्मसी महाविद्यालयात एम. फार्म.चे विद्यार्थी प्रकल्पासाठी हिमोग्लोबिन (ज्याच्या दोषामुळे हा आजार होतो ते रक्तातील प्रथिन) आवर्जून निवडतात आणि डॉकिंगच्या, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कुठे व कसा बसेल हे संगणकावर अजमावण्याच्या, दोन-तीन सॉफ्टवेअरच्या तुलनेचा तक्ता प्रबंधाला जोडतात. तो तक्ता बहुधा पहिल्याच रकान्यात फसतो. ऑटोडॉक व्हिना या सॉफ्टवेअरचा स्कोअर (रेणू किती घट्ट बसेल याचा अंदाज) किलोकॅलरी प्रति मोलमध्ये येतो व तो जितका अधिक ऋण तितका चांगला मानतात. गोल्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा केमपीएलपी नावाचा स्कोअर एककरहित असून तो जितका मोठा तितका चांगला. हे दोन्ही शेजारी मांडून सरस-नीरस ठरवणे म्हणजे कापसाचे क्विंटल आणि वावराचे एकर एकमेकांशी ताडून पाहणे होय. तुलना स्कोअरची नव्हे, कामाची करावी: प्रयोगाने ठरवलेल्या स्फटिकरचनेतील लिगँड, म्हणजे प्रथिनाला चिकटलेला छोटा रेणू, बाहेर काढून पुन्हा डॉक करावा आणि कोणते सॉफ्टवेअर त्याला मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉम आरएमएसडीच्या (अणू मूळ जागेपासून सरासरी किती सरकले त्या मापाच्या) आत बसवते, ते पाहावे.

दुसरी चूक ग्रिड बॉक्सची, म्हणजे सॉफ्टवेअरने रेणूची जागा जिथे शोधायची त्या चौकटीची आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. ऑटोडॉक ४ मध्ये बॉक्सचा आकार बिंदूंच्या संख्येत देतात व दोन बिंदूंतील अंतर मुळात ०.३७५ अँगस्ट्रॉम असते, म्हणून ६० बिंदूंची बाजू प्रत्यक्षात २२.५ अँगस्ट्रॉमच भरते. व्हिनाला मात्र आकार थेट अँगस्ट्रॉममध्ये लागतो. तेथेही ६० लिहिले, तर शोधायची जागा सुमारे १९ पट होते. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा तो आकडा) मुळातल्या ८ वरच राहिल्याने प्रत्येक रनमध्ये वेगळी मांडणी येते, आणि आपण दोष व्हिनाला देतो. अशा वेळी बॉक्स २२.५ करावा, एक्झॉस्टिव्हनेस ३२ पर्यंत वाढवावा व निरनिराळे सीड (यादृच्छिक शोधाची सुरुवात ठरवणारे आकडे) देऊन तीन-चार रन घ्यावेत. सीडचा आकडा वहीत टिपून ठेवावा. रात्री वीज गेल्यावर तोच रन पुन्हा लावावा लागतो, हे इकडे वेगळे सांगायला नको.

प्रथिनाची तयारीही सर्व सॉफ्टवेअरसाठी एकसारखी हवी. सरसकट सगळे पाणी काढून टाकण्याची सवय विशेष घातक आहे: एचआयव्ही प्रोटिएज या विषाणूच्या प्रथिनाच्या १एचएसजी या रचनेत इंडिनाव्हिर हे औषध आणि प्रथिनाच्या झडपा (औषधावर मिटणारे भाग) यांना जोडणारा पाण्याचा रेणू आहे, आणि तो एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवून दुसऱ्यात काढला, तर तुलना तिथेच संपते.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेले व २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने बाजारातून मागे घेतलेले व्हॉक्सेलोटर हे सिकलसेलवरचे औषध हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाच्या व्हॅलीन या अमिनो आम्लाशी परावर्ती सहसंयुज बंध (पुन्हा सुटू शकणारा रासायनिक बंध) जोडते. व्हिनाच्या नेहमीच्या डॉकिंगमध्ये असा बंध जुळतच नाही, त्यामुळे तेथे त्याला कमी स्कोअर मिळाला म्हणून औषध दुबळे किंवा सॉफ्टवेअर निकामी, असे दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही. या रेणूसाठी गोल्डमधील सहसंयुज डॉकिंगची सोय किंवा ऑटोडॉकची तशी पद्धत वापरावी, आणि तो निकाल तक्त्यात वेगळ्या ओळीत लिहावा.