जुन्या विटांच्या भिंतीवर इन्शुलेटेड प्लास्टरबोर्ड: मागे हवा फिरू देऊ नका

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन घरांच्या बाहेरच्या भिंती बहुधा भरीव विटांच्या असतात. जाडी नऊ इंच आणि मध्ये पोकळी नाही. अशा भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) साधारण २.१ धरतात. खोलीतल्या बाहेरच्या भिंतीच्या निम्म्याहून जास्त भागाचा गिलावा तुम्ही नव्याने करणार असाल, तर इंग्लंडचे नियम ती व्हॅल्यू ०.३० पर्यंत आणायला सांगतात. त्यामुळे कामाला हात लावण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, कळवा. घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, असेल तर वेगळी परवानगी लागते.

त्यासाठी भिंतीला आतून इन्शुलेटेड प्लास्टरबोर्ड लावतात, म्हणजे मागे फोम चिकटवलेला जिप्समचा बोर्ड. साडेबारा मिलिमीटर प्लास्टरबोर्ड आणि मागे ५० मिलिमीटर पीआयआर (उष्णता अडवणारा कडक फोम) घेतला, तर यू-व्हॅल्यू ०.३३ च्या आसपास येते. ६० मिलिमीटर फोम घेतला तर ०.२९. म्हणून ७२.५ मिलिमीटरचाच बोर्ड घ्या. दहा मिलिमीटर वाचवायला जाऊ नका. २४०० बाय १२०० चा एक बोर्ड सुमारे ३० किलो भरतो, तेव्हा उचलायला दोघं हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इन्शुलेशन आतून लावलं की मागची वीट पूर्वीपेक्षा थंड पडते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. हिवाळ्यात बोर्डामागची वीट त्याहून कितीतरी थंड असते. खिडक्या बंद, कुकरच्या शिट्ट्या चालू आणि रेडिएटरवर कपडे वाळत घातलेले, अशा घरातली दमट हवा फटीतून मागे गेली की बुरशी तिथे धरते, आणि ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुढची बरीचशी खटपट ही हवा अडवण्यासाठीच आहे.

आधी भिंत कोरडी हवी. पन्हळ गळते का, विटांमधल्या दर्जा (सांधे) उघड्या पडल्यात का, बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा उंच चढली आहे का, ते बघा. दर्जा भरायच्या तर चुन्याच्या मसाल्याने भरा. सिमेंटचा कडक मसाला पाणी विटेतच कोंडतो आणि थंडीत मऊ विटेचे पापुद्रे निघतात. पावसाचा मारा खाऊन भिंत सतत ओलीच राहत असेल, तर पीआयआर बोर्ड लावू नका. तिथे लाकडी तंतूंचं इन्शुलेशन आणि चुन्याचा गिलावा जास्त योग्य.

वॉलपेपर आणि सुटा रंग काढा. गिलावा ठोकून बघा आणि जिथे पोकळ वाजेल तिथे पाडून टाका. जुन्या नक्षीदार लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे नमुना तपासून घेतल्याशिवाय खरवडू नका. उघड्या विटांवर सहाएक मिलिमीटरचा पातळ लेप ओढला की दर्जांमधली बारीक भोकंही बुजतात. वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं याच भिंतीत शिरलेली असू शकतात. त्यांच्याभोवतीच्या फटी बुजवा, पण टोक मऊ लागलं तर काम थांबवून सुताराला दाखवा. कुजलेल्या तुळईवर बोर्ड चढवणं म्हणजे दुखणं झाकणं.

लांब सरळ पट्टी भिंतीवर फिरवून सगळ्यात पुढे आलेला बिंदू शोधा. त्यापुढे बोर्डाची जाडी आणि १० मिलिमीटर धरून जमिनीवर रेघ मारा आणि ओळंब्याने तीच छतावर चढवा. बोर्ड खोलीच्या उंचीपेक्षा १५ मिलिमीटर कमी कापा, प्लास्टरची बाजू वर ठेवून, बारीक दातांच्या करवतीने. पीआयआरची धूळ घशाला बोचते, म्हणून मास्क लावा.

अ‍ॅडहेसिव्ह एका वेळी एका बोर्डापुरतंच भिंतीवर लावा. दाट कालवा, थापीवरून घसरता कामा नये. बोर्डाच्या चारही कडा जिथे येतील तिथे सलग पट्टा ओढा, कुठेही बोटभर जागा सोडू नका. सॉकेट आणि पाइपांभोवतीही तसाच पट्टा फिरवा. मग मध्ये अडीचशे मिलिमीटर लांबीच्या गोळ्यांच्या उभ्या रांगा. नुसते गोळे टाकून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पण कडेचा पट्टा नसेल तर बोर्डामागे चिमणीसारखा उभा पोकळ मार्ग तयार होतो, गार हवा त्यातून फिरते आणि महागडा फोम बराचसा वाया जातो. एका बोर्डाला अर्धी ते पाऊण गोणी लागते, भिंत वेडीवाकडी असेल तर त्याहून जास्त.

बोर्डाखाली पायाने दाबायचा लिफ्टर सरकवून तो छताला भिडवा. मग सरळ पट्टीने ठोकत रेघेवर आणा. एकदा बसलेला बोर्ड पुढे ओढू नका, गोळे सुटतात. खालच्या फटीत दोन ठोकळे ठेवा. दोन बोर्डांच्या फोममध्ये फट राहिली तर फोम गनने भरा.

दुसऱ्या दिवशी, अ‍ॅडहेसिव्ह घट्ट झाल्यावर, प्रत्येक बोर्डाला निदान दोन धातूचे फिक्सिंग ठोका. आग लागली की फोम आणि चिकटा दोन्ही दगा देतात. तेव्हा बोर्ड अंगावर पडू नये, म्हणून ते असतात. लांबीचा हिशेब: बोर्ड ७२.५, मागची जागा १५ आणि विटेत निदान ४०. म्हणजे १३० मिलिमीटर, आणि जुना गिलावा ठेवला असेल तर दीडशे. ओल्या अ‍ॅडहेसिव्हवर ठोकलं तर बोर्ड आत खेचला जाऊन खड्डा पडतो.

खिडकीच्या आतल्या बाजू विसरल्या तर बुरशी नेमकी तिथेच येते. चौकटीपाशी मावेल तितका पातळ बोर्ड, २५–३० मिलिमीटरचा का होईना, लावाच. घरातल्या मधल्या भिंती बाहेरच्या भिंतीला जिथे भिडतात तिथेही अर्धा मीटरभर इन्शुलेशन वळवून न्यावं.

वायर फोममध्ये गाडली गेली की तापते आणि तिची क्षमता घटते. सॉकेट पुढे आणायचं काम म्हणून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. रेडिएटर किंवा किचन कॅबिनेट कुठे येणार ते आधी ठरवा आणि तिथे फोमऐवजी तेवढ्याच जाडीचं लाकूड थेट विटेत पक्कं करा. नुसत्या बोर्डावर टांगलेलं वजन आज ना उद्या खाली येतं.

सांध्यांवर जाळीची टेप लावून वर दोन-तीन मिलिमीटर स्किम, म्हणजे गुळगुळीत प्लास्टरचा पातळ शेवटचा थर. टेप टाळलीत तर पहिल्याच हिवाळ्यात सांध्यावर केसासारखी रेघ उमटेल. स्कर्टिंग बसवण्याआधी ठोकळे काढून खालची फट फोमने पूर्ण बंद करा, आणि छताकडची कड सीलंटने.

जोराचा वारा सुटेल त्या दिवशी उदबत्ती पेटवून स्कर्टिंग, सॉकेट आणि खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. जिथे थरथरेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती फट सीलंटने बुजवा.